पी०१७१ आणि पैसे देऊन घेतलेला सल्ला : ताईच्या गाडीचं पूर्ण प्रकरण

आधी गाडीची माहिती देतो म्हणजे पुढचं कळेल. ताईची गाडी, पेट्रोल, १.६ लिटर, ९ वर्षं जुनी, मीटरवर १ लाख १२ हजार किलोमीटर. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी, त्या बाबतीत ताई माझ्यापेक्षा कितीतरी बरी. तक्रार अशी की सकाळी थंड गाडी सुरू केली की इंजिन थरथरायचं, आरपीएमचा काटा ६०० ते ११०० मध्ये झोके घ्यायचा, निघताना एकदोनदा गाडी बंद पडायची, आणि दहा-बारा मिनिटं चालली की जणू काही झालंच नव्हतं. हायवेला पिकअप मस्त. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा लाइट, पण स्थिर, लुकलुकणारा नाही (लुकलुकत असेल तर प्रकरण वेगळं, तेव्हा इंजिन जोरात मिसिंग मारतंय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन तो खराब होतोय, मग सल्लाबिल्ला नंतर, आधी गाडी बाजूला घ्यायची).

ताईने मला फोन केला तेव्हा ती गॅरेजला तीनदा जाऊन आलेली. पहिल्यांदा मिस्त्रींनी स्कॅनर लावला, कोड निघाला पी०१७१, त्यांनी ऑक्सिजन सेन्सर बदलला, कोड पुसला, लाइट गेला. चार दिवसांनी परत लागला. दुसऱ्यांदा स्पार्क प्लग, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडीची सफाई, परत कोड पुसला. ह्या वेळी नऊ दिवस बरे गेले. तिसऱ्यांदा ते म्हणाले फ्युएल पंप कमजोर झालाय, बदलावा लागेल, आणि पंपाचा आकडा ऐकून ताईने गाडी तशीच घरी आणली.

"तू गाड्यांचं वाचत असतोस ना, पंपच असेल का रे?" एवढंच तिने विचारलं. मला माहीत नव्हतं. पण एक खटकलं, पंप कमजोर असेल तर हायवेला गाडी रडायला पाहिजे, सकाळी उभ्या उभ्या कशाला थरथरेल? फक्त खटकलं म्हणून मिस्त्रींना चूक ठरवण्याएवढी माझी अक्कल नाही, म्हणून म्हटलं पंपाचे पैसे घालण्याआधी थोडे पैसे देऊन ऑनलाइन कुणाला तरी विचारू.

कोडबद्दल दोन ओळी सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच झाला. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा विभाग, पुढचं ० म्हणजे सगळ्या कंपन्यांना सारखा असलेला कोड, १ म्हणजे हवा आणि इंधन मोजण्याचा भाग, आणि ७१ म्हणजे नेमकी तक्रार : बँक १ मध्ये (म्हणजे सिलिंडरच्या पहिल्या रांगेत) मिश्रण फार पातळ. पातळ म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. १ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, ते प्रमाण बिघडलंय असं गाडीतला कंप्युटर म्हणतोय. का बिघडलंय हे तो म्हणत नाही, आणि ऑक्सिजन सेन्सर खराब आहे असं तर अजिबातच म्हणत नाही, त्याचे कोड वेगळे असतात, पी०१३० पासून पुढे. सायलेन्सरच्या वाटेवर बसून सेन्सरने सांगितलं की हवा जास्त आहे, आणि आपण सांगणाऱ्यालाच बदललं. ताप उतरवायला थर्मामीटर बदलला म्हणा ना.

बरं मग लाइट चार दिवस गेला कसा? ह्याचं उत्तर मला नंतर मिळालं. कोड पुसला की बऱ्याच गाड्यांमध्ये कंप्युटरने शिकून ठेवलेली दुरुस्तीसुद्धा शून्यावर येते, मग तो परत पहिल्यापासून शिकतो, आणि हा बिघाड त्याला साधारणपणे लागोपाठ दोन फेऱ्यांमध्ये दिसला तरच लाइट लावतो. म्हणजे काहीही न करता नुसता कोड पुसला असता तरी ते चार दिवस मिळालेच असते. सेन्सर बदलला आणि लाइट गेला हे ज्याने डोळ्याने पाहिलंय त्याला हे पटवणं फार अवघड असतं, ताईला पटवायला मला पंधरा मिनिटं लागली.

पहिला सल्ला

पहिल्या वेळी मी घाई केली. एक प्रश्न विचारा, तज्ज्ञ काही मिनिटांत उत्तर देईल, फी अगदी किरकोळ, असा प्रकार होता. मी दोन ओळी लिहिल्या, गाडी थंड असताना थरथरते, पी०१७१, ऑक्सिजन सेन्सर बदललाय, काय असेल. दहा मिनिटांत उत्तर आलं. व्हॅक्यूम लीक असू शकतो, एअरफ्लो सेन्सर घाण असू शकतो, फ्युएल पंप, फ्युएल फिल्टर, इंजेक्टर, एक्झॉस्ट लीक, किंवा वायरिंग. जवळच्या चांगल्या मेकॅनिककडून तपासून घ्या.

ह्यातलं एक अक्षर चूक नाही. पण हे उत्तर माझ्या गाडीचं नव्हतंच, पी०१७१ असलेल्या जगातल्या कुठल्याही गाडीला ते चाललं असतं. माणसाने लिहिलं की मशीनने तेही कळेना. मी खाली विचारलं की ह्यातलं आधी काय बघू, तर म्हणे सगळ्यात सोप्यापासून सुरुवात करा. सोपं कुठलं हे मला कळत असतं तर विचारलं कशाला असतं.

आणि वरून ती किरकोळ फी म्हणजे सात दिवसांची ट्रायल निघाली. आठव्या दिवशी महिन्याच्या मेंबरशिपचे पैसे कार्डावरून गेले, पहिल्या फीच्या कितीतरी पट. पैसे भरायच्या पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, मी वाचलं नाही, चूक माझी पण आहे. बंद करायचं बटण सापडेना, शेवटी मेल करून बंद केलं, निम्मे परत मिळाले. कार्डावर मर्यादा घालता येत असेल तर अशा ठिकाणी घालूनच पैसे द्यावेत.

एक मात्र कबूल करतो, दोन ओळींच्या प्रश्नाला ह्यापेक्षा चांगलं उत्तर खुद्द गाडी बनवणाऱ्या इंजिनिअरनेही दिलं नसतं. मी दिलंच काय होतं त्याला? ना गाडीचं मॉडेल नीट, ना आकडे, ना कुठल्या वेळी काय होतं ते. डॉक्टरला फोन करून फक्त अंगात ताप आहे सांगायचं आणि औषध विचारायचं, तसं.

दुसरा सल्ला

दुसरा माणूस शोधायला तीन दिवस गेले. हा एकटाच काम करणारा, आधी वर्कशॉपमध्ये होता, आता फक्त निदान करतो, अर्ध्या तासाच्या व्हिडिओ कॉलची ठरलेली फी, वर दोन आठवडे मेसेजवर शंका विचारायची मुभा. बुकिंगच्या आधी त्याने एक फॉर्म पाठवला आणि तो बघूनच मला वाटलं की हा वेगळा आहे. १७ अक्षरांचा चेसिस नंबर, आत्तापर्यंत काय काय बदललं आणि ते कुठल्या क्रमाने, प्रत्येक वेळी लाइट किती दिवसांनी परत लागला, थंड सुरुवातीचा आवाजासकट व्हिडिओ, आणि कोडबरोबर साठवलेला फ्रीझ फ्रेम.

फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड लागला त्या क्षणाचा फोटोच म्हणा, तेव्हा कूलंट किती गरम होतं, आरपीएम किती, वेग किती, इंजिनवर लोड किती, हे सगळं कंप्युटर जपून ठेवतो. आणि कोड पुसला की ते सगळं पुसलं जातं. तीनदा गॅरेजला जाऊन आमच्याकडे एकही नव्हता, दोनदा पुसला होता आणि तिसऱ्या वेळी कुणी बघितलाच नाही, तो मात्र अजून गाडीत होता, कारण पंप नाकारून ताई तशीच निघून आलेली. ताईच्या काटकसरीने पुरावा वाचला.

मी फॉर्म भरला तर त्याचा मेसेज आला की आत्ता कॉल घेऊ नका, वाया जाईल, एक साधा ब्लूटूथ स्कॅनर घ्या, हे आकडे काढा, मग बोलू. पैसे घ्यायला नको म्हणणारा तज्ज्ञ मी पहिल्यांदा पाहिला. चेसिस नंबरवरून त्याने त्या मॉडेलला काही रिकॉल आहे का तेही बघितलं, नव्हता. हे तपासायला खरं म्हणजे कुणाचीच गरज नाही, बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर चेसिस नंबर टाकला की फुकट कळतं, पण आम्ही कुणी टाकला नव्हता.

स्कॅनर म्हणजे डॅशबोर्डखाली जो १६ पिनचा सॉकेट असतो त्यात लावायचा काडेपेटीएवढा डबा, आकडे मोबाइलवर दिसतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना १९९६ पासून आणि युरोपात नव्या पेट्रोल गाड्यांना साधारण २००१ पासून हा सॉकेट सक्तीचा झाला, आता जवळपास सगळीकडे असतोच. स्वस्तातल्या डब्यांमध्ये नकली चिपचे भरपूर असतात, काही मध्येच तुटतात, पण एवढ्या कामाला पुरतात.

आधी फ्रीझ फ्रेम काढला. कूलंट ३४ अंश, आरपीएम ७६०, वेग शून्य. म्हणजे कोड लागला तेव्हा गाडी थंडच होती आणि उभी होती. हा एवढाच आकडा गॅरेजमध्ये पहिल्या दिवशी कुणी बघितला असता तर पंपाची गोष्ट निघालीच नसती बहुतेक.

मग फ्युएल ट्रिम. हे जरा समजून घ्या कारण पुढचा सगळा खेळ त्याच्यावर आहे. ठरलेल्या हिशोबापेक्षा कंप्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा म्हणजे ट्रिम. एक तात्पुरता, क्षणाक्षणाला हलणारा, आणि एक लांब पल्ल्याचा, जो शिकून ठेवलेला असतो. दोन्हींची बेरीज करून बघायची. अधिक म्हणजे तो जादा पेट्रोल ओततोय. दहाच्या आत असेल तर साधारणपणे कुणी चिंता करत नाही, पंचवीसच्या आसपास गेला की बऱ्याच गाड्या हा कोड लावतात.

त्याने चार परिस्थितींतले आकडे मागितले. रात्रभर उभ्या गाडीचं थंड आयडलिंग (रेस न देता नुसतं चालू इंजिन) : लांब पल्ल्याचा अधिक २२, तात्पुरता अधिक ८ ते १२. पूर्ण गरम झाल्यावरचं आयडलिंग : बेरीज अधिक १४. गरम असताना उभ्या उभ्या रेस देऊन २५०० आरपीएम : अधिक ५. आणि रस्त्यावर चढाला जोर देताना अधिक ३, हे ताई चालवत होती आणि मी बाजूला बसून लिहीत होतो, चालवता चालवता मोबाइल बघू नका असं त्याने स्पष्ट बजावलं होतं.

कॉल झाला पस्तीस मिनिटांचा. त्याने सगळ्यात आधी जो प्रश्न विचारला तो मला सुचलाच नसता, गाडीत हवा मोजायला एअरफ्लो सेन्सर आहे की फक्त मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमधला) दाब मोजणारा सेन्सर? कारण दाब मोजणारी गाडी असेल तर कुठूनतरी घुसलेली हवासुद्धा त्या दाबात धरली जाते, कंप्युटर तिच्यासाठी पेट्रोल देतो, मिश्रण फारसं पातळ होत नाही, नुसतं आयडलिंग चढतं. आमची एअरफ्लोवाली. ती फिल्टरजवळ हवा मोजते आणि पुढे भेगेतून घुसलेल्या हवेचा तिला पत्ताच नसतो.

मग त्याने आकडे असे वाचले. आयडलिंगला हे इंजिन सेकंदाला साधारण २ ग्रॅम हवा घेतं, भेगेतून अर्धा ग्रॅम घुसली तर झाला २५ टक्क्यांचा फरक. २५०० ला तेच इंजिन ८-९ ग्रॅम घेतं, भेग तेवढीच आहे, अर्धा ग्रॅम त्यात पाच-सहा टक्के होतो, आणि जोर दिला की थ्रॉटल उघडतो, आतला व्हॅक्यूम कमी होतो, मग भेग ओढतही नाही. पंप कमजोर असता तर नेमकं उलटं दिसलं असतं, आयडलिंगला ठीक आणि जोर दिला की आकडा वर, कारण जास्त पेट्रोल तेव्हा लागतं. एअरफ्लो सेन्सर घाण असता तरी जास्त हवेवर चूक दिसली असती. म्हणजे पंप गेला यादीतून. सात कारणांच्या त्या यादीतली चार-पाच नावं चार आकड्यांनी खोडली, मी अक्षरशः कागदावर काट मारत होतो.

उरली दोन. एक, इनटेकला, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेवर, कुठेतरी हवा घुसतेय. दोन, सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला भेग आहे आणि बाहेरची हवा आत खेचली जाऊन सेन्सरला उगाच वाटतंय की मिश्रण पातळ आहे. दोन्ही थंड असताना जास्त आणि गरम झाल्यावर कमी होऊ शकतात, लोखंड फुगलं की भेग मिटते. मला वाटलं अडकलो. तर तो म्हणाला, जुने स्पार्क प्लग टाकले का?

टाकले नव्हते! ताईने बदललेला प्रत्येक पार्ट मागून घेतलेला, डिकीत एका पिशवीत ऑक्सिजन सेन्सर, चार प्लग आणि एअर फिल्टरसुद्धा. मी धावत जाऊन आणले आणि कॅमेऱ्यासमोर धरले. टोकं फिकट, पांढरट राखाडी. एक्झॉस्टची खोटी तक्रार असती तर कंप्युटरने उगाच पेट्रोल ओतून ओतून प्लग काळे केले असते. हे म्हणजे पुरावा नाही, कल आहे, असं तोच म्हणाला, पण थरथर आणि पांढरे प्लग दोन्ही एकाच बाजूला बोट दाखवतायत.

मी विचारलं, मग हवा घुसतेय कुठून? तो म्हणाला, माझा अंदाज मॅनिफोल्डच्या गॅस्केटचा, म्हणजे सांध्यातल्या रबरी पट्टीचा आहे, दहातले सात वेळा, ह्या वयाच्या प्लास्टिक मॅनिफोल्डवर रबर कडक होतं आणि थंडीत आखडतं. पण गॅस्केट मागवू नका. स्मोक टेस्ट करा, आणि थंड गाडीवर करा, रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून सकाळी सुरू न करता.

हे थंड गाडीवरचं वाक्य ह्या सगळ्या फीमधलं सगळ्यात महागडं वाक्य. कारण मिस्त्रींनी दुसऱ्या वेळी लीक बघितला होता, त्यांना सुचलं नव्हतं असं नाही, पण ताई गाडी चालवत तिथे पोचली तेव्हा ती गरम होती, क्लीनरचा स्प्रे मारला, इंजिनच्या आवाजात फरक पडला नाही, विषय संपला. गरम असताना भेग जवळजवळ मिटलेली होती. शिवाय तो स्प्रे पेट घेणारा असतो, गरम एक्झॉस्टजवळ मारू नये हेही त्याने सांगितलं, घरी तुम्ही करून बघायला जाऊ नका.

परत गॅरेजमध्ये

इथे मी एक चूक केली ती सांगतो. मी मिस्त्रींपुढे मोबाइल धरला आणि म्हटलं की एका ऑनलाइन तज्ज्ञाशी बोललो, तो म्हणतो पंप नाहीये. त्यांचा चेहरा उतरला आणि ते म्हणाले, मग त्यालाच सांगा ना गाडी बनवायला. बरोबरच आहे, वीस-पंचवीस वर्षं हात काळे केलेल्या माणसाला कुणीतरी स्क्रीनमधून शिकवलेलं कसं चालेल. ताई हुशार, तिने मला मागे सारलं आणि म्हणाली, "मिस्त्री, पंपाचं बघू नंतर, आधी गाडी रात्री इथे ठेवते, सकाळी थंड असताना स्मोक टेस्ट करून द्याल का, टेस्टचे पैसे वेगळे घ्या." काही न बोलता कबूल. पार्ट न विकता नुसत्या तपासणीचे पैसे देणारं गिऱ्हाईक त्यांना फार भेटत नसावं, मग तेही पार्ट बदलत बसतात, दुसरं करणार काय.

सकाळी मशीन लावलं. इनटेकमध्ये हलक्या दाबाने धूर सोडतात आणि जिथून बाहेर येईल ती भेग. मी टॉर्च घेऊन मॅनिफोल्डच्या गॅस्केटच्या कडेला डोळे लावून बसलेलो. तिथे काहीच नाही. दोन मिनिटं झाली, तीन झाली. मग मॅनिफोल्डच्या मागून, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधली भिंत) बाजूने बारीक धुराची रेघ वर आली. मिस्त्रींनी दांड्याचा छोटा आरसा खाली घातला आणि म्हणाले, "हा बघा, पीसीव्हीचा पाईप." इंजिनच्या पोटातली वाफ परत इनटेकला नेणारा रबरी पाईप, त्याचा कोपरा खालच्या अंगाने फाटलेला, वरून बघितला तर एकदम धड. तेलाच्या वाफेने रबर कडक झालेलं, थंड असताना भेग आ वासून उघडी, गरम झालं की रबर मऊ पडतं, आतला व्हॅक्यूम ते ओढून घेतो आणि भेग बरीचशी मिटते. पूर्ण मिटत नाही, म्हणून गरम असतानाही अधिक १४.

म्हणजे तज्ज्ञाचा अंदाज चुकला. गॅस्केट नव्हतं. त्याच्या शब्दावर गॅस्केट मागवलं असतं तर मॅनिफोल्ड उघडण्याची मजुरी गेली असती आणि लाइट आठवड्याने परत लागला असता, म्हणजे आम्ही चौथ्यांदा तेच केलं असतं, फक्त ह्या वेळी जास्त हुशार माणसाच्या सांगण्यावरून. त्याची टेस्ट बरोबर होती, पार्ट नाही. आणि तो नेमका पाईप सापडला तो मिस्त्रींच्या आरशामुळे, मला तर धूर दिसूनही कुठून येतोय ते कळलं नव्हतं. ऑनलाइन माणसाला ना वास येतो ना हात लावता येतो, मोबाइलच्या माइकमधून बेअरिंगचा आवाज आणि बेल्टचा आवाज सारखाच वाटतो. तो फार तर सांगू शकतो की पुढचा प्रश्न गाडीला कुठला विचारायचा.

पाईप बदलला, कोड पुसला (ह्या वेळी आधी फोटो काढून), आणि मी ताईला सांगितलं की लाइट गेला म्हणून खूश होऊ नकोस, आकडा बघू. पाचव्या सकाळी थंड आयडलिंगला बेरीज अधिक ३. काटा ९०० च्या आसपास शांत उभा.

हिशोब

पैशांचं सांगायचं तर आकडे न देता प्रमाणात सांगतो, ते जास्त उपयोगाचं आहे. दुसऱ्या तज्ज्ञाची फी १ धरा. ब्लूटूथ स्कॅनर पाऊण. स्मोक टेस्ट दीड. पाईप पाव, मजुरी अर्धी. सगळे मिळून ४. ऑक्सिजन सेन्सर एकटा ५, प्लग-फिल्टर-सफाई मिळून ३, हे ८ गेले ते गेले, प्लग-फिल्टर तरी कधीतरी बदलायचेच होते. पहिल्या ठिकाणच्या मेंबरशिपचं निम्मं परत येऊनही जवळजवळ १ बुडालं. आणि जो बसवला नाही तो पंप मजुरीसकट ९.

हे वाचून लगेच सगळ्यांनी पैसे देऊन सल्ला घ्यावा असं माझं म्हणणं नाही. इथे तो फळला कारण बिघाड आकड्यात दिसणारा होता, रोज सकाळी हमखास येत होता, आणि समोर एक महागडा पार्ट न तपासता बदलायचा प्रस्ताव होता. आठवड्यातून एकदा कधीतरी येणारा खटका असता तर अर्ध्या तासाच्या कॉलमध्ये कुणी काय सांगणार होतं? ब्रेक मऊ लागतोय, स्टिअरिंगला खेळ आलाय, पेट्रोलचा वास येतोय, टेंपरेचरचा काटा वर गेलाय, एअरबॅगचा लाइट आहे, ह्यात तर मी एक मेसेजसुद्धा टाइप करणार नाही, गाडी उचलून न्यायची. आणि समोरचा खरंच जाणकार आहे का हे त्याच्या नावापुढच्या स्टार्सवरून मला तरी ओळखता आलं नाही, पहिल्या ठिकाणी भरपूर स्टार होते. दुसऱ्याने आकडा मागितल्याशिवाय पार्टचं नाव घेतलं नाही, आणि नाव घेतलं तेव्हा मागवू नका म्हणाला, मला विश्वास बसला तो तिथे.

मिस्त्रींशी संबंध आता आधीपेक्षा बरे आहेत म्हणायला हरकत नाही. त्यांनी सेन्सरचे पैसे परत केले नाहीत, ताईने मागितलेही नाहीत, पण पाईपची मजुरी त्यांनी लावलीच होती ती नंतर स्वतःहून काढून टाकली, म्हणजे वरच्या हिशोबातले ४ खरे तर साडेतीनच झाले. मी तज्ज्ञाला धुराचा व्हिडिओ पाठवला, त्याने लिहिलं, गॅस्केट नव्हतं तर, आणि व्हिडिओ दुसऱ्या गिऱ्हाइकांना दाखवायला वापरू का असं विचारलं. नंबर प्लेट दिसत नव्हती, ताई हो म्हणाली.

एक गोष्ट राहिलीय. एसी लावला की सीटमध्ये हलकी थरथर अजून जाणवते, आकडे मात्र स्वच्छ. तज्ज्ञ म्हणतो इंजिन माउंट (इंजिन ज्यावर बसवलेलं असतं तो आधार) असेल, मिस्त्री म्हणतात माउंट धड आहे, वय झालंय गाडीचं. ताईने दोघांचं ऐकून घेतलं आणि डिकीतली पिशवी आणखी एक पार्ट मावेल इतकी रिकामी आहे का ते बघून आली.